पोखऱ्याला निघण्यापूर्वी

मोहननगर, नागपूर

प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात तू मला गाठलेस आणि म्हणालीस, की तुम्हां दोघांची नेपाळातल्या पोखऱ्याच्या बालगृहासाठी निवड झाली आहे, लग्नानंतर फेब्रुवारीत निघायचे आहे, तेव्हा मावशी, चार शब्द सांगा. चहाच्या गर्दीत ते सांगण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र. हे आणि मी २००८ साली काठमांडूच्या खोऱ्यातील एका बालगृहात गेलो आणि २०१९ मध्ये परतलो. त्या अकरा वर्षांतील निदान पहिली तीन आम्ही चुकीच्या समजुतीवर काढली, आणि मला मुख्यतः तीच समजूत तुला सांगायची आहे.

आम्ही समजत होतो की आम्ही अनाथांचे आईबाप व्हायला आलो आहोत. मंडळीने आम्हांला निरोप देताना तसेच म्हटले होते आणि आम्हांलाही ते ऐकून धन्य वाटले होते. बालगृहात बत्तीस मुले होती आणि प्रत्येकाच्या फायलीत आईवडील मृत असल्याचा कागद होता. त्यांतला एक मुलगा आम्ही गेलो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. तो झोपेत बडबडे, पण ती भाषा काठमांडूची नव्हती. स्वयंपाकघरातल्या दिदींनी एकदा कान देऊन ऐकले आणि मला सांगितले, की हा आईला हाक मारतो आहे आणि शेळ्या आत घे म्हणतो आहे. मी म्हटले, बिचाऱ्याला मेलेली आई आठवते. दिदी काही बोलल्या नाहीत. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते, पण नोकरी त्यांनाही टिकवायची होती.

त्या मुलाचे गाव हुम्ला जिल्ह्यात होते. नेपाळच्या वायव्य टोकाचा हा जिल्हा आहे. नेपाळगंजहून लहान विमानाने सिमीकोटला उतरायचे आणि पुढे पायी चालायचे. १९९६ ते २००६ या काळात तिकडे माओवाद्यांचा सशस्त्र संघर्ष चालू होता. मुलांना दलात ओढून नेतील या भीतीने आईवडील त्यांना दूर पाठवू पाहत होते आणि नेमके तेच हेरून दलाल गावोगाव फिरत होते. शहरात इंग्रजी शाळा, दोन वेळचे जेवण, सुरक्षित घर, असे सांगून त्यांनी आईवडिलांकडून पैसे घेतले आणि मुले नेली. पुढे बालगृहात दाखल करताना मृत्यूचे खोटे दाखले जोडले. कारण देणगी अनाथासाठी येते, गरिबाच्या मुलासाठी येत नाही. नेपाळातील बालगृहे सर्वांत गरीब डोंगराळ जिल्ह्यांत न उभारता काठमांडू, ललितपूर, चितवन आणि तुमचे पोखरा अशा पर्यटकांच्या वाटेवरच का दाटली आहेत, हे मला तोपर्यंत कोडे होते. हा सगळा प्रकार कळला तेव्हा ते सुटले.

२०११ मध्ये आम्ही त्याच्या आईचा शोध घेतला आणि ती सापडली. वडीलही होते. मुलाला घेऊन हे स्वतः गेले. परत आल्यावर दोन दिवस यांनी कोणाशी काही बोलणे केले नाही. मग सांगितले, की आईने मुलाला जवळ घेतले नाही. तिने आधी त्याच्या बुटांना हात लावून पाहिला. मुलगा आपली बोली विसरला होता. आई काय म्हणते हे त्याला दुसऱ्याकडून समजून घ्यावे लागत होते. चार दिवसांनी तोच म्हणाला, मला परत न्या. आम्ही त्याला परत आणले, आणि पुढची कित्येक वर्षे थोडे थोडे करून, आधी फोन, मग दशैंची, म्हणजे तिकडच्या दसऱ्याची, सुट्टी, मग अख्खा उन्हाळा, असे ते नाते पुन्हा बांधले. तुटायला एक दिवस लागला होता. सांधायला सहा वर्षे लागली आणि तरी ते पूर्वीसारखे झाले असे मी म्हणणार नाही.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते, ती ही, की तेथे गेल्यावर महिनाभराच्या आत प्रत्येक मुलाची फाइल स्वतः वाच. मृत्यूचा दाखला कोणत्या गावाने दिला, तारीख काय, एकाच हस्ताक्षरात किती दाखले आहेत, हे पाहा. मुलांशी बोल, पण चौकशीच्या सुरात नव्हे. भांडी घासताना, उवा काढताना, अंथरूण वाळत घालताना मुले आपोआप सांगतात. संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, तेव्हाच जगाने मान्य केले की केवळ दारिद्र्य हे मुलाला घरापासून वेगळे करण्याचे कारण होऊ शकत नाही. नेपाळच्या २०१८ च्या बालबालिका कायद्यातही बालगृहाचा क्रम शेवटचा आहे. आधी नातेवाईक, मग इच्छुक कुटुंब, आणि काहीच नसेल तेव्हा संस्था. तुम्ही ज्यांच्याकडे चाललात त्यांना विचार, की गेल्या वर्षी किती मुले घरी परत गेली. उत्तर "एकही नाही, आमच्याकडे सगळी आनंदात आहेत" असे आले, तर मला लगेच कळव.

तू म्हणशील, मग आम्ही जायचेच कशाला? जायचे, कारण काही मुलांना खरोखरच कोणी नसते, काहींच्या घरी परतणे धोक्याचे असते, आणि जी परतणार आहेत त्यांनाही मधली वर्षे कोणीतरी नीट सांभाळायला हवे असते. मात्र त्यांना "आई" म्हणायला शिकवू नकोस. माझा हा आग्रह पुष्कळांना कोरडा वाटतो. आमच्याकडे मला सगळी "आमा" म्हणत आणि मला ते फार आवडे, हेही कबूल करते. पण आपण कराराने जाणारी माणसे; तीन वर्षांनी, पाच वर्षांनी, प्रकृतीमुळे किंवा पैसे संपल्यामुळे परत येणारी. मुलाला दुसऱ्यांदा आई गमावायला लावण्याचा आपल्याला काय अधिकार? दिदी, मावशी, काहीही चालेल. २००० साली रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये संशोधकांनी अनाथाश्रमातील १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला आणि काहींना चांगल्या कुटुंबांत ठेवून पाहिले. दोन वर्षांच्या आत ज्यांना एक कायमचे माणूस मिळाले त्यांची वाढ पुष्कळ सावरली, असे दिसले. महत्त्व त्या "एक" आणि "कायमचे" या शब्दांना आहे. आपण ते माणूस नसतो. स्थानिक दिदी असू शकतात, आजी असू शकते. त्यांचा पगार वेळेवर होतो की नाही याची काळजी आपण घ्यायची.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट. पोखऱ्यात परदेशी पाहुणे फार येतात, आठवडाभर राहतात, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढतात आणि जातात. पहिल्या दिवशी तू फाटकातून आत जाशील तेव्हा तीन-चार वर्षांचे एखादे पोर धावत येऊन तुझ्या गळ्यात पडेल आणि तुझ्या डोळ्यांत पाणी येईल. मुली, ते लक्षण चांगले नाही. ज्या मुलाला आपले आणि परके यांत फरक करायला कोणी शिकवलेच नाही, ते असे कोणाच्याही गळ्यात पडते. जे मूल दाराआडून बघते आणि महिन्याने हळूच तुझ्या पदराला हात लावते, त्याची तब्येत अधिक ठीक आहे असे समज.

आता तुम्हां दोघांविषयी. भारतीयांना नेपाळात व्हिसा लागत नाही, रेल्वेने गोरखपूर आणि पुढे सुनौलीहून बस, त्यामुळे नागपूरच्या लोकांना वाटते की हे काय परदेश! खरे परकेपण २०१५ मध्ये कळले. २५ एप्रिलला, शनिवारी, दुपारी बाराला चार मिनिटे असताना भूकंप झाला. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असल्यामुळे उपासनाही शनिवारीच होते, त्यामुळे सगळी मुले सभागृहात एकत्र होती आणि वाचली. नऊ हजारांच्या आसपास माणसे देशभर गेली. त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही ताडपत्रीखाली काढले, शेजारी आमच्या चुलीवर जेवले, आम्ही त्यांच्या. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात भारताच्या सीमेवर नाकेबंदी झाली, सिलिंडर मिळेना, डिझेल मिळेना, आणि तेच शेजारी आम्हांला "इंडियन" म्हणू लागले. फेब्रुवारीपर्यंत आम्ही लाकडांवर भात शिजवला. त्या काळात यांनी एकदाही आपल्या देशाची बाजू मांडली नाही. रांगेत सर्वांच्या मागे उभे राहत. मी मात्र एकदा दुकानदाराशी भांडले, आणि त्याचा मला अजून पश्चात्ताप आहे.

संसाराचे म्हणशील, तर खोली मुलांच्या शयनगृहाला लागून असते. भांडणे ऐकू जातात, न बोलणेही ऐकू जाते. आठवड्यातून एक संध्याकाळ बालगृहाबाहेर काढायची असा नियम आम्ही चौथ्या वर्षी केला, तो पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता. तुम्हांला मूल झाले तर आणखी जपावे लागेल. आमची मुलगी सहा वर्षांची असताना तिने मला विचारले होते, "मी पण यांच्यातलीच आहे का?" तिचे ताट, तिचा वाढदिवस, तिची शाळा हे सगळे आम्ही बत्तिसांत मिसळून टाकले होते आणि त्याला समानता म्हणत होतो. ती आता पुण्यात असते, आमचे छान चालते. तरी तो प्रश्न विचारताना तिचा चेहरा कसा होता हे मी विसरलेले नाही.

आणि हे फक्त तुला सांगते, त्याला नंतर वाचायला दे. बायकोचे काम कागदावर येत नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, शाळा काढल्या, गोंडांच्या परंपरा टिपल्या, इथल्या खडकांचा अभ्यास केला, १८६३ मध्ये पूर आलेल्या नदीत बुडून गेले. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ पासून आहे आणि तू स्वतः त्यात शिकलीस. त्यांच्या पत्नीचे नाव इरॅस्मा होते हे तुला कोणी सांगितले होते का? आमच्याही नेमणुकीच्या पत्रात यांचेच नाव होते आणि माझ्यापुढे "सपत्नीक" एवढाच शब्द. रात्री तीनला ओले अंथरूण बदलणारी, हिशेबाची वही लिहिणारी, तापात उशाशी बसणारी बाई त्या एका शब्दात बसवली होती. तुझे नाव, तुझे काम, तुझा भत्ता आणि तुझी सुट्टी स्वतंत्र लिहून घे. ही मागणी सेवेच्या भावनेविरुद्ध आहे असे कोणी म्हटले, तर माझे नाव सांग.

सुवार्तेविषयी, म्हणजे धर्मप्रसाराविषयी, तू विचारले नाहीस, पण मनात असणारच. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने दुसऱ्याचे धर्मांतर करवण्यास मनाई केली आहे, आणि ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे; परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर पाठवतात. पण मी कायद्याच्या भीतीने बोलत नाही. जे मूल जेवणासाठी, अंथरुणासाठी आपल्यावर अवलंबून आहे, त्याचे "हो" हे खरे "हो" नसते. आम्ही आमची प्रार्थना केली, ज्यांना बसायचे ते बसले. दशैंला मुले गावी गेली की आजी कपाळाला अक्षता-दह्याचा लाल टीका लावते आणि कानाशी जवाचे हिरवे कोंब, जमरा, खोवते. तिथल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्या टीका घेत नाहीत, हा त्यांच्या विवेकाचा प्रश्न आहे. पण वर्षातून एकदा भेटणाऱ्या आजीचा हात बाजूला सार, असे मी कोणत्याही मुलाला सांगितले नाही. पाळकसाहेब यावर माझ्याशी सहमत नाहीत, हे तुला ठाऊक असावे.

राहिले किरकोळ. नेपाळी शिकून जा. देवनागरी लिपी असल्यामुळे आपल्याला वाचता येते आणि त्यामुळे येतेच असा भ्रम होतो. आपले प्रेमाचे "तू" तिकडे "तँ" झाले तर ते हलके वाटते आणि मुलांच्याही मनाला लागते. "तिमी" म्हणायची सवय कर. नागपूरच्या माणसाला उन्हाचा अनुभव असतो, थंडीचा नसतो, तेव्हा लोकरीचे दोन जोड जास्त घे. आमच्या पहिल्या हिवाळ्यात काठमांडूत दिवसाला सोळा तासांपर्यंत वीज नसे; आता ती अडचण नाही असे आमच्या दिदी फोनवर सांगतात.

तो हुम्ल्याचा मुलगा आता पंचवीस-सव्वीसचा आहे. सिमीकोटच्या बाजारात त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि दशैंला तो फोन करतो. गेल्या वेळी त्याने आईच्या हातात फोन दिला. ती काय बोलली ते मला समजले नाही, मागून तो हसत होता.

करारावर अजून सही केली नसशील तर करू नकोस. रविवारी उपासनेनंतर दोघेही घरी या आणि कागद बरोबर आणा. यांनी चष्मा बदलून घेतला आहे, ओळ न् ओळ वाचून देतील.

तुझी,
मावशी