मैदान हवंच आहे, मग अर्ज कशाला?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेचा सुधारित प्रारूप विकास आराखडा नुकताच प्रसिद्ध झाला. आमच्या गल्लीमागच्या पडीक जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं आहे. आम्हा सगळ्यांना ते मनापासून हवं आहे. जागामालकांनी हरकत घेतल्याचं कानावर आलंय. शेजारी म्हणतात, "आपली हरकतच नाही, तर आपण कशाला अर्ज करायचा? ज्याचं नुकसान होतंय तो करेल." खरंच काही करायची गरज आहे का? एकच छापील पत्र करून सगळ्यांच्या सह्या घेतल्या तर चालेल का? मुदतीचे नऊ दिवस उरलेत.
— दोन मुलांची आई

उत्तर : ताई, अर्ज करा, आणि आजच करा. तुमच्या शेजाऱ्यांचा जो समज आहे तोच बहुतेकांचा असतो. त्यापायी हातची मैदानं गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

जाहिरातीतले शब्द नीट वाचा : 'हरकती व सूचना'. 'हे आरक्षण आहे तसेच कायम ठेवावे' ही सूचनाच झाली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली आराखडा लोकांपुढे ठेवतात आणि कलम २८ खाली आलेल्या अर्जांवर नियोजन समिती सुनावणी घेते. जागा तुमच्या नावावर असायला हवी अशी अट कुठेही नाही. गल्लीतला भाडेकरूसुद्धा लिहू शकतो. अर्ज मराठीतच करा.

मी नगररचना कार्यालयात रचना सहायक होते. सुनावणीच्या दिवशी फाइलींचा गठ्ठा घेऊन समितीच्या मागे बसायचं, हे माझं काम. एका शहरात शाळेला लागून असलेल्या मैदानाचं आरक्षण सुनावणीला आलं. मालकांकडून वकील आले, वास्तुविशारद आले, रंगवलेला नकाशा टेबलावर पसरला. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी रास्तच होतं. वाडवडिलांची जमीन कोणाला सोडवते? समितीतल्या एका तज्ज्ञांनी मागे वळून मला विचारलं, "बाई, मैदान राहावं असं कोणाचं काही आलंय का?" मी फाइल पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. एकही कागद नव्हता. आरक्षण वगळण्याची शिफारस झाली आणि पुढे ते वगळलंही गेलं. त्या शाळेची मुलं आजही कवायतीला रस्त्याच्या कडेला उभी राहतात. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभ्या असलेल्या शंभरेक आयांपैकी एकीनं जरी चार ओळी लिहिल्या असत्या, तरी मला त्या टेबलावर ठेवता आल्या असत्या. ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

आता छापील पत्राचं. चालतं, ते नाकारत नाहीत. पण एकसारख्या मजकुराची पत्रं कार्यालयात एकत्र बांधली जातात आणि त्यांच्यावर शेराही एकच पडतो. संख्येचा दबाव येतो, हे खरं. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूप आराखड्यावर ६५ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या, राज्य सरकारने तो दुरुस्तीला परत पाठवला, २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला आणि २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. पण तिथेही उभ्या इमारतीवरून रस्ता गेलाय, देऊळच नकाशात नाही, अशा नेमक्या चुका लोकांनी बोट ठेवून दाखवल्या म्हणून त्या नाकारता आल्या नाहीत. तेव्हा सह्यांचं एक पत्र द्याच, शिवाय चार-पाच घरांनी आपापल्या शब्दांत वेगळं लिहावं.

काय लिहायचं? नगरपरिषदेत नकाशा लावलेला असतो, त्यावरून सर्व्हे किंवा गट नंबर आणि आरक्षण क्रमांक उतरवून घ्या. पहिल्याच ओळीत मागणी : "गट क्र. अमुक वरील आरक्षण क्र. तमुक, खेळाचे मैदान, कायम ठेवावे." मग कारण, आणि ते तुमच्या गल्लीचंच हवं. एका सुनावणीला एक आजोबा वहीचं पान घेऊन आले होते. नातवाचा हात धरून घरापासून सर्वांत जवळच्या मैदानापर्यंत चालत गेले होते आणि पावलं मोजली होती : अठराशे चाळीस, मध्ये हायवे. समितीने ते पान मागून घेतलं, एकाने दुसऱ्याकडे दिलं. ते आरक्षण राहिलं. तुम्हीही मुलांना घेऊन चालून बघा. आसपासच्या शाळांना मैदान आहे का, तेही लिहा. मालकांबद्दल वावगा शब्द नको. त्यांना योग्य मोबदला मिळावा, रोख किंवा टीडीआरने (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), असं तुम्हीच लिहिलंत तर उत्तमच.

शेवटी "सुनावणीची संधी द्यावी" हे वाक्य विसरू नका. दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीची नोटीस आली की कोणीतरी जाच, कामावर रजा टाकून जा.

आणखी एक. आरक्षण टिकलं तरी मैदान आपोआप होत नाही. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत नगरपरिषदेने जागा घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतात, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. म्हणून दरवर्षी अंदाजपत्रकाच्या आधी या जागेसाठी तरतूद मागणारा अर्ज द्यायचा. तुमची मुलं तोवर मोठी होतील. गल्लीत पुढची येतीलच. शिक्का मारलेली प्रत घरात अशा जागी ठेवा की दहा वर्षांनी दुसऱ्या कोणालाही सापडेल.