कुळागरातलं घर आणि त्यातले जुने भाडेकरू

ऑकलंड सोडून नवरा आणि सात वर्षांच्या लेकीसह गोव्यात फोंड्याजवळ कुळागरातलं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतलं, कौलारू घर भाड्याने घ्यायचं ठरतंय, पण साप, मगरी आणि किड्यांच्या धास्तीने पाय मागे येतोय, असं तुम्ही लिहिलंत. साहजिकच आहे. न्यूझीलंडच्या जमिनीवर साप औषधालाही नाही. मीही तिथूनच इकडे आले, त्यामुळे गवतात अनवाणी हुंदडणारी तिथली पोरं मला ठाऊक आहेत. लेकीची ती सवय विमानात बसायच्या आधीच मोडा.

गोव्यात धास्ती घ्यावी असे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. डोंगराकडच्या कुळागरांत चापडे, तेही विषारीच, असतात. पण अंगणात बहुतेक वेळा दिसते ती धामण, पाटाच्या पाण्यात दिवड, दोन्ही बिनविषारी. मला विचाराल तर नागापेक्षा मण्यारीला वचकून राहा. नाग निदान फणा काढून बजावतो. मण्यार रात्री हिंडते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा इतका बारीक की कित्येकदा जागसुद्धा येत नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या जड, जीभ जड. पित्त झालं असेल म्हणून सोडा घेत बसण्यात मोलाचा वेळ जातो. म्हणून गाद्या जमिनीवर नकोत. खाट हवी, आणि मच्छरदाणीच्या कडा चहूकडून गादीखाली नीट खोचलेल्या हव्यात.

मोरीत पट्ट्यापट्ट्यांचा बारका साप दिसला तर तो बिचारा कवड्याही असू शकतो. त्याचे पट्टे मानेपाशी ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे उलट. तरीही स्वतः पारख करायला जाऊ नका. दार लावून घ्या, सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करा. मारायचा तर नाहीच, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते निषिद्ध आहे. चावलाच तर दोरी आवळणं, चिरा देणं, कुणाचा तरी पाला लावणं, काहीही नको. चावलेला अवयव न हलवता १०८ ला फोन करून थेट सरकारी इस्पितळ गाठा. प्रकरण गंभीर असेल तर पुढे बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. आपल्याकडचं प्रतिविष त्या चार सापांसाठी बनतं, चापड्यासाठी नाही, तेव्हा पावसात पानवेलींत हात घालताना आधी काठीने हलवून बघा. घराचा करार करण्याआधी जवळच्या इस्पितळात प्रतिविष असतं का, हेही विचारून या.

मगरींची भीती मात्र नदीकाठापुरतीच ठेवा. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात त्या आहेत, तिथे पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, संपलं. दुर्भाट-बोरीकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून पूजतात, ते लेकीला जरूर दाखवा.

आता रोजची डोकेदुखी, जिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत: वाळवी. घर बघायला जाल तेव्हा चौकटीवर बोटांच्या पेरांनी टकटक करा. पोकळ आवाज आला, कोपऱ्यातून मातीची ओली नळी वर चढताना दिसली, तर ती नळी नखाने फोडा. पांढऱ्या अळ्यांसारख्या किड्यांची पळापळ झाली की घरमालक काहीही म्हणो, दुसरं घर बघा. गंमत म्हणजे ह्याच वाळवीचं वारूळ इथे सातेरी देवी म्हणून गाभाऱ्यात पुजलं जातं, आणि त्याच वारुळांवर पावसात उगवणारी अळमी, म्हणजे रानअळंबी, बाजारात भाव खाऊन विकली जातात.

पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे दिव्याभोवती झुंडीने येतील. दिवे घालवा, तासाभरात पंख टाकून मोकळे होतात. पैसे किडे निरुपद्रवी, केरसुणीने बाहेर काढा. गोम मात्र चप्पल झटकूनच घालायला लावते. कौलांवर रात्री कुणी बूट घालून चालतंय असं वाटलं तर ते बहुधा उदमांजर. त्याला राहू दे, उंदीर खातं. उंदीर कमी म्हणजे सापही कमी.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. करवंट्या, कुंड्यांच्या बशा, छपरावरची टाकी बघत जा. विहिरीत गप्पी मासे सोडा. दुसरं, सत्तरी तालुक्याकडे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून येतो, आणि त्याचा मोसम नेमका काजूच्या हंगामाला भिडतो. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. काजूच्या बागेत पूर्ण बाह्या, लांब पँट, घरी आल्यावर अंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. भटक्या कुत्र्याने नुसता ओरखडा काढला तरी साबणाने धुऊन रेबीजची लस घ्यायचीच, लेकीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ओरडा बसेल म्हणून ती लपवेल.

घर बघायला डिसेंबरात येऊ नका, तेव्हा इथलं काहीही सुंदर दिसतं. जुलैत या. आणि खिडक्यांना जाळ्या मारून घ्यायच्या असतील तर सुताराला तेव्हाच सांगा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की तो कुणालाच सापडत नाही.