कोरोनाकाळात अमेरिकेने शेतकऱ्यांच्या खात्यात थेट पैसे टाकले म्हणे. ते नुकसान झालेल्यांनाच मिळाले का?

पैसे मिळाले आणि लवकर मिळाले. पण नुकसान झालेल्या सगळ्यांना नाही.

मी आयोवा राज्यात, सू काउंटीत शेतकऱ्यांचे हिशेब आणि टॅक्सची कामं करते. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. इथे माणसं ३५ हजारांच्या आसपास आणि डुकरं दहा लाखांच्या वर. २०२०च्या एप्रिलमध्ये तास-सव्वा तासावरच्या सू फॉल्स शहरातला कत्तलखाना कामगारांमध्ये साथ पसरल्यामुळे बंद पडला. देशातल्या डुकराच्या मांसाचा ४ ते ५ टक्के भाग त्या एका कारखान्यातून जायचा. डुक्कर काही सोयाबीनसारखं कोठारात ठेवता येत नाही. वजन भरलं की न्यावंच लागतं, कारण मागची पिल्लं वाढत असतात. राज्यात काही ठिकाणी तयार जनावरं मारून पुरावी लागली. ते ऐकताना फोनवर माझ्याच्याने बोलवत नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटी केंद्राच्या मदतीचे अर्ज सुरू झाले. थेट मदतीसाठी १६ अब्ज डॉलर होते. कृषी विभागाच्या काउंटी कार्यालयात जायला बंदी होती, सगळं फोन आणि ईमेलवर. शेतकऱ्याने आकडे स्वतः लिहून सही करायची, तपासणी झालीच तर नंतर. पैसे इतक्या लवकर आले ते यामुळेच, आणि त्या दिवसांत ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं.

अडचण दराच्या सूत्रात होती. १६ एप्रिल ते १४ मे या काळात तुमच्या मालकीची जास्तीत जास्त जितकी डुकरं होती, त्या प्रत्येकामागे १७ डॉलर. सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत २३ डॉलर. एका व्यक्तीला एका फेरीत कमाल अडीच लाख डॉलर. म्हणजे सगळं ‘मालकीची’ या शब्दावर आलं.

आपल्याकडे करारावर ब्रॉयलर कोंबड्या पाळतात, ते तुम्हाला माहीत असेल. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. शेड, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची. इथे डुकरांचंही बरंचसं तसंच चालतं. माझ्या एका शेतकऱ्याची २,४०० डुकरांची शेड आहे, तीही कर्जावर बांधलेली. जनावरांच्या मालकाला त्या एका शेडमागे पहिल्या फेरीत ४०,८०० आणि दुसऱ्या फेरीत ५५,२०० डॉलर मिळू शकत होते. शेडवाल्याला दोन्ही फेऱ्यांत शून्य. सरकारचं म्हणणं असं, की भाव पडल्याचा तोटा मालकाला होतो, पाळणाऱ्याला नाही. पण माझ्या या शेडवाल्याला करारानुसार शेड भरलेली असेल तेवढ्याच दिवसांचे पैसे मिळायचे. लिफ्टिंग, म्हणजे तयार डुकरं उचलून नेणं, लांबलं, मग पुढची बॅच उशिरा आणि कमी आली. बँकेचा हप्ता मात्र तारखेला यायचाच. हा माणूस पहाटे पाचला शेडमध्ये असतो. त्याच्या मेहनतीसाठी त्या अर्जात एक रकाना नव्हता, याचा मला तेव्हाही राग होता आणि आजही आहे.

मालकांना फुकटचे पैसे मिळाले असं मी म्हणत नाही. त्यांचं खाद्य, पिल्लं, भाव सगळं अंगावर आलं होतं, आणि मर्यादेमुळे मोठ्यांना सगळ्या जनावरांचे पैसेही मिळाले नाहीत.

करारवाल्यांसाठी संसदेने डिसेंबर २०२०मध्ये तरतूद केली. त्याचे अर्ज २०२१च्या ऑक्टोबरपर्यंत चालले. आधीच्या वर्षाच्या तुलनेत उत्पन्न जितकं घटलं, त्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के. आमच्या शेडवाल्याचे दोन्ही वर्षांचे कंपनीचे हिशेब मी जपून ठेवले होते, म्हणून अर्ज एका दुपारीत झाला. पैसे आले तेव्हा नुकसानीला दीड वर्ष उलटलं होतं, आणि मधल्या काळात त्याने ट्रॅक्टर विकला होता.