बडोद्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. पुराची काही तयारी करू म्हटलं की नवरा म्हणतो, 'इथं कुठलं पाणी येतंय!' त्यांना कसं पटवू?

ताई, आधी त्यांचं म्हणणं मान्य करून टाका. तिसऱ्या मजल्यावर विश्वामित्री नदी येणार नाही, हे खरंच आहे. त्यावर वाद घालत बसलात तर ते जिंकतील आणि तयारी राहून जाईल. पाणी वर येत नाही, पण खालचं सगळं बंद पाडतं. बोलायचं ते त्याबद्दल.

आम्ही बडोद्यातच, अकोट्याला चौथ्या मजल्यावर राहतो. ऑगस्ट 2024 मध्ये, जन्माष्टमीच्या सुमारास पूर आला, तेव्हा घरात थेंबभरही पाणी आलं नाही. पण वीज गेली, तिच्याबरोबर लिफ्ट आणि मोटर. वरच्या टाकीत होतं तेवढंच पाणी. खालच्या टाकीत पुराचं गढूळ पाणी शिरलेलं, त्यामुळे वीज आल्यावरसुद्धा ती उपसून, घासून घेईपर्यंत नळाला तोंड लावायची सोय नव्हती. सासूबाई इन्सुलिन घेतात आणि फ्रीज बंद. आमच्या ह्यांनाही 'तयारी' म्हटलं की अभद्र बोलल्यासारखं वाटतं. पण आईच्या इन्सुलिनचं काय, हा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. पूर ओसरल्यावर तेच आपणहून डॉक्टरांना विचारून आले. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर, उन्हापासून लांब चालते, मात्र प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, म्हणून पाकिटावरचा कागद वाचायचा. न उघडलेल्या बाटल्या प्लास्टिकच्या घट्ट डब्यात घालून पाण्याच्या माठात ठेवायच्या. आता पावसाळ्यात तो रिकामा माठ तेच आठवणीनं काढून ठेवतात.

म्हणून तुमच्या घरातला असा प्रश्न शोधा, जो त्यांना आधीच लागून राहिलेला आहे. म्हातारी माणसं, लहान मूल, नाहीतर गाडी. गाडी तळघरात उभी राहत असेल तर पाणी चढायला लागल्यावर ती कुठल्या उंच जागी नेऊन लावायची, हे त्यांनाच ठरवू द्या. बुडालेली गाडी चालू करून बघितली की इंजिनात पाणी जाऊन ते कायमचं जाऊ शकतं आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पॉलिसी त्यांच्या हातात द्या. पैशाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं.

'पाऊस थांबला की आता' हेही तुम्ही ऐकलं असेल. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते. वरचा पाऊस आणि आजवा धरणाचं पाणी शहरात पोचायला वेळ लागतो, त्यामुळे इथं ऊन पडलेलं असतानाही नदी चढत असू शकते. आभाळाकडे पाहून ठरवू नका. आजव्याची आणि शहरातल्या काळाघोडा पुलापाशी नदीची पातळी बातम्यांत येते, ती पाहायला त्यांनाच सांगा. आमच्याकडे हे काम ह्यांच्याकडेच आहे.

सामानाचं फार काही नाही. माणशी रोज चार लिटर धरून तीन दिवसांचं पाणी, तेही जास्तीच्या कळशा आणि बाटल्यांत. म्हणजे खास साठा केल्यासारखं दिसत नाही. खाखरे, चिवडा, सातूचं पीठ, गूळ-शेंगदाणे तसेही घरात असतात, ते फक्त थोडे जास्त आणायचे. आठवड्याची औषधं, चार्ज केलेली पॉवर बँक, बॅटरी, थोडी रोख. घराची मूळ कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. गॅसचं दुसरं सिलिंडर भरलेलं असू द्या, पिण्याचं पाणी उकळायला तेच कामी येतं.

एका बाबतीत मात्र त्यांचं मन राखू नका. दूध आणायला म्हणून ते पुराच्या पाण्यात उतरणार असतील तर अडवा. उघडी गटारं दिसत नाहीत, पाण्यात वीज उतरलेली असू शकते, आणि आपल्या नदीतल्या मगरी पुरात सोसायट्यांपर्यंत येतात, हे बडोदेकरांना सांगायला नको. कुणी आजारी पडलं तर 108, सुटका हवी असेल तर 112 नाहीतर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा 1077. हे आकडे कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा, आणि खालच्या मजल्यावरच्यांनाही आत्ताच सांगून ठेवा की पाणी आलं तर आमच्याकडे या. त्यांच्यासाठी दोन कळशा जास्त भरायला तुमचे यजमान नाही म्हणतील, असं मला वाटत नाही.