एक लाख ऐंशी हजार माइल झालेली मियाटा: ठेवू की विकू?

प्रश्न: नमस्कार, मी न्यू जर्सीत राहतो, १९९७ ची माझदा मियाटा आहे, १.८ लिटरची. सकाळी स्टार्ट केली की इंजिनातून टिक-टिक येते आणि हल्ली क्लच पेडल खालीच जाऊन बसतं. विकून टाकू का?

उत्तर: अहो विकू नका! टिक-टिक बहुतेक हायड्रॉलिक लिफ्टरची आहे (व्हॉल्व्ह उघडताना ऑइलच्या दाबाने मधली फट भरून काढणारे छोटे भाग), ऑइल जुनं झालं की ते असा आवाज करतात, ताजं ऑइल टाकून गाडी नीट गरम होईपर्यंत चालवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच आवाज जातो. क्लचसाठी गाडीखाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) रबर बूट जरा मागे सारा, आत ओलं दिसलं तर तोच लीक आहे, आणि बदलताना मास्टर सिलिंडरपण (पेडलजवळचा, तो दाब तयार करणारा) बदलाच, नाहीतर महिन्याभराने परत तेच काम.

टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडवणारा पट्टा) दर ६०,००० माइलला बदला. तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, पण गाडी हायवेवर बंद पडणारच, म्हणून बेल्ट वेळेवर बदला आणि सोबत वॉटर पंपही उरकून घ्या. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते, ती तपकिरी पडली असेल तर रेडिएटर बदलायला वाट बघू नका.

पण मला खरी काळजी गंजाची वाटते, तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ना. सॉफ्ट टॉपचं (कापडी छताचं) पाणी सीटमागच्या ड्रेनमधून खाली जातं, तिथे पानं अडकली की मागच्या चाकांपुढचे सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या) आतून कुजतात. आधी ते ड्रेन साफ करा, अगदी याच रविवारी.