युद्धबंदी: ती की तो?

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या यादवीवरच्या एका लेखात 'लोमे करारानंतर युद्धबंदींची सुटका' असे वाचून (लोमे करार म्हणजे तिथले सरकार आणि बंडखोर यांच्यातला १९९९ चा करार) एकांनी विचारले आहे, की युद्धबंदी आणि शस्त्रसंधी यांत फरक काय? फरकाकडे येतो, पण आधी ती 'सुटका'. मराठीत युद्धबंदी लागू होते, टिकते, मोडते. तिची सुटका कशी होणार? पकडलेला सैनिक तो युद्धकैदी. हिंदी बातमीतला, कैदी या अर्थाचा 'युद्धबंदी' तसाच उचलायचा आणि लिंगही बघायचे नाही, हे आता रोजचे झाले आहे.

दारूबंदी, जमावबंदी, तटबंदी यांतली 'बंदी' फारसी, बांधण्यावरून आलेली. कैदी या अर्थाचा 'बंदी' मात्र कालिदासाकडेही आहे: 'कुमारसंभवा'त तारकासुराने धरून नेलेल्या देवस्त्रिया म्हणजे 'सुरबंदी'. एवढ्यावरून भाषाशुद्धीवाले तो अस्सल संस्कृत ठरवतात. मला हे मुळीच पटत नाही. संस्कृत धातू 'बंध्'. बंधन, बंधू, संबंध, सगळीकडे ध. मग एकट्या कैद्यालाच द कुठून चिकटला? फारसीत हा महाप्राण, म्हणजे ध-भ मधला 'ह'कार, गळतो: आपला भ्राता तिकडे बिरादर, आपली भूमी तिकडे बूम, आपला बंध तिकडे बंद. माझ्या मते हा कैदी सुलतानांच्या कितीतरी आधी इराणी भाषांतून संस्कृतात शिरला. म्हणजे दारूबंदीतली बंदी आणि कालिदासाचा बंदी एकाच घरचे! (बंदीजन म्हणजे भाट, तो निराळा, तो 'वंद्'चा.)

यादवीत तर 'युद्धकैदी'ही जपून वापरावा. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी तो दर्जा देशादेशांतल्या युद्धासाठी दिला. अंतर्गत संघर्षाला त्यांचे सामाईक तिसरे कलम लागू होते. त्यात माणुसकीच्या वागणुकीची हमी आहे, तो दर्जा नाही. शिवाय लोमे करारातल्या सुटकेच्या कलमात पळवून नेलेली माणसेही येतात. बंडखोरांनी तिथे लहान मुलेसुद्धा पळवली होती. त्यांना युद्धकैदी म्हणणे हा अन्याय आहे. मे २००० मध्ये त्याच देशातल्या काइलाहूनला बंडखोरांच्या वेढ्यात अडकलेले भारतीय शांतिसैनिकही युद्धकैदी नव्हते.

आता फरक. युद्धबंदी एकतर्फीही जाहीर करता येते. शस्त्रसंधीतला 'संधी' म्हणजे तह, त्याला दोन्ही बाजू लागतात. सिएरा लिओनमध्ये १८ मे १९९९ ला लढाई थांबवण्याच्या करारावर सरकार आणि बंडखोर दोघांनी सह्या केल्या, म्हणून तिथे दोन्ही शब्द चालतील. ७ जुलैचा लोमे करार हा शांतता करार.