व्हर्सायसारख्या राजेशाही बागांतून आणि त्यांच्या छापील चित्रांतून राजाची सत्ता कशी दिसायची?

पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्याचंच उदाहरण घेतो, कारण तिथे हे सगळं उघड दिसतं. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने बागरचनाकार आंद्रे ल नोत्रकडून 1661 नंतर इथली बाग घडवून घेतली. दलदलीची जमीन सपाट केली, झाडं कातरून भिंतींसारखी उभी केली. मुख्य रस्ता राजवाड्यापासून निघून थेट क्षितिजाकडे जातो. त्यावर सूर्यदेव अपोलोचं कारंजं आहे, आणि लुईने सूर्य हेच स्वतःचं चिन्ह केलं होतं. निसर्गही माझं ऐकतो, हे पाहणाऱ्याला न बोलता कळायचं.

गंमत पाण्याची आहे. सेन नदीचं पाणी वर चढवायला नदीकाठच्या मार्लीला 14 चाकांचं अवाढव्य यंत्र बसवलं, तरीही सगळी कारंजी एकदम चालवण्याइतकं पाणी पुरायचं नाही. म्हणून राजा फिरायला निघाला की माळी शिट्ट्या वाजवून एकमेकांना इशारा करायचे. तो येईल तिथलं कारंजं सुरू, पुढे गेला की बंद!

छापील चित्रांत मात्र ही अडचण नाही. तिथलं कारंजं कायम उसळतंच असतं. इस्राएल सिल्वेस्त्रसारख्या कोरीवकारांनी तांब्याच्या पत्र्यावर बागेची दृश्यं कोरली. बरीचशी उंचावरून पाहिल्यासारखी: रस्ते लांबच लांब, माणसं मुंगीएवढी. राजाच्या खर्चाने छापलेल्या अशा चित्रांचे ग्रंथ परदेशी राजदूतांना भेट दिले जात. ज्याने व्हर्सायमध्ये कधी पाऊल ठेवलं नाही, त्याच्याही टेबलावर ती बाग पोचायची. माझ्या मते खऱ्या बागेपेक्षा या कागदांनीच युरोपातल्या इतर राजांना जास्त जळवलं.